व्याख्यान सर्वांसाठी, मग फाटकावर अडवणूक का?

महोदय,

विद्यापीठातील मोडी लिपीतल्या कागदपत्रांवरच्या व्याख्यानाला ‘उदंड प्रतिसाद’ लाभल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. मी त्या सभागृहात होतो. मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी अडवून ठेवल्या होत्या, तिकडेही फारसे कोणी फिरकले नाही. ज्यांना खरोखर ऐकायचे होते त्यांना फाटकावरूनच परत पाठवले जात होते.

माझ्याबरोबर आमच्या शेजारचे अण्णा होते. निवृत्त तलाठी, वय ८० च्या पुढे. नोकरीत असताना जुनी कोतवाल बुके, त्यांतल्या मोडीतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यांनी वाचल्या आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारी माणसे मिळेनात, तेव्हा लोक घरातले कागद घेऊन अण्णांच्या ओट्यावर येत. अण्णांनी कोणाकडून एक रुपया घेतला नाही. व्याख्यानाची सूचना आपल्याच अंकातून त्यांनी कापून ठेवली होती. ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला’ असे तीत छापलेले होते. फाटकावर मात्र ऑनलाइन नोंदणीचा मेसेज दाखवा म्हणून अडवले. अण्णांकडे बटणांचा साधा फोन. त्यांनी आधार कार्ड दाखवले, कात्रण दाखवले. ‘आजोबा, मला वरून ऑर्डर आहे,’ एवढेच तो रक्षक सांगत राहिला. त्या पोराला मी दोष देत नाही, ती ऑर्डर काढणाऱ्यांना देतो. माझी नोंदणी मुलीने करून दिली होती. ‘तू जा, नीट ऐक आणि मला येऊन सांग,’ असे म्हणून अण्णा रिक्षाने घरी गेले.

त्यांना सांगायला माझ्याकडे फार काही नव्हते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय आणि मान्यवरांची मनोगते यांतच सव्वा तास गेला. वक्त्या बाई पडद्यावर एकेक कागद दाखवून अक्षरांची वळणे उलगडत होत्या. कुठे ऐकण्यात रंग भरू लागला, तोच ‘वेळेअभावी’ त्यांना थांबवले. प्रश्नोत्तरे झालीच नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागद कोटींच्या संख्येने आहेत आणि वाचणारे मोजके. अशा विषयाला अण्णांसारखी माणसे विद्यापीठाने घरी गाडी पाठवून आणायला हवीत.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती सामान्य नागरिकांसाठी. पुणे विद्यापीठाच्या, आवाराबाहेरच्या लोकांपर्यंत शिक्षण नेणाऱ्या बहिःशाल मंडळाची जयकर व्याख्यानमाला तालुक्याच्या गावांतल्या महाविद्यालयांपर्यंत गेली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातही आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. मग शेजारच्या वस्तीतला म्हातारा आवारात आला तर कोणाचे काय बिघडते? सुरक्षेची काळजी रास्त आहे, ती मला मान्य आहे. फाटकावर एक वही ठेवा, ओळखपत्र बघा, नाव-पत्ता लिहून घ्या, सही घ्या. इतकी वर्षे हेच चालत होते.

आता आपल्याविषयी. कालच्या बातमीत व्यासपीठावरच्या प्रत्येकाचे नाव पदासह आहे, सूत्रसंचालन आणि आभार कोणी केले तेही आहे. वक्त्या काय बोलल्या याचे एक वाक्य नाही. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली आणि ‘पण बाई म्हणाल्या काय?’ असे मला विचारले. कार्यक्रमाला गेलेल्या वार्ताहराने व्याख्यान ऐकावे आणि त्यातले चार मुद्दे छापावेत, ही वाचकांची साधी अपेक्षा आहे.

याच मालेतले पुढचे व्याख्यान ताम्रपटांवर आहे. त्यासाठी नोंदणी नसलेल्यांनाही जागा असेपर्यंत आत सोडावे, अशी लेखी सूचना विद्यापीठाने फाटकावर द्यावी आणि ती आपण ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक