तपासणारे पाच, ताळमेळ घालणारा कुणीच नाही

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य
प्रत माहितीसाठी: मा. मंत्री, कौशल्य विकास विभाग

विषय: विद्यापीठे, महाविद्यालये व आयटीआय यांच्या हिशेबांचा ताळमेळ

महोदय,

अनुदानित महाविद्यालयांचे हिशेब कुणी तपासत नाही, असे म्हणायची सोय नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यासाचे, म्हणजे महाविद्यालय चालवणाऱ्या ट्रस्टचे, लेखापरीक्षण होते. आयकरासाठी वेगळा अहवाल जातो. सहसंचालक कार्यालय वेतन व वेतनेतर अनुदानाचे निर्धारण करते, महालेखापालांचे पथक अधूनमधून येते, आणि प्रकल्पनिधी ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्रावर, सनदी लेखापालाची सही असते. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर तेच ताळेबंद शुल्क नियामक प्राधिकरणापुढेही जातात. पण यातला प्रत्येक जण आपली वही उघडतो आणि मिटतो. दोन वह्या शेजारी ठेवून पाहणे कुणाच्याच कामात बसत नाही, आणि पैसा मुरतो तो नेमका त्या दोन वह्यांच्या मधे.

सुरुवात बँक खात्यांपासून करावी. महाविद्यालयाची एकूण खाती किती, या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा अपुरे असते. वेतन, शुल्क, परीक्षा, शिष्यवृत्ती, एनएसएस, वसतिगृह, जिमखाना अशी खाती वेगवेगळ्या शाखांत असतात; इमारत निधी न्यासाच्या नावावर असतो आणि पॅन बहुतेक वेळा न्यासाचाच. त्या पॅनचे आयकर खात्याकडचे वार्षिक माहिती विवरण (एआयएस) काढले की व्याज देणाऱ्या बँकांची नावे समोर येतात. ती कॅशबुकातल्या खात्यांशी जुळवायला एक दुपार पुरते. चालू खात्यांवर व्याज नसल्याने ती त्यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी बँकेकडून पॅननिहाय दाखला घ्यावा लागतो. तो दाखला संस्थेने आणून देऊ नये, बँकेने थेट लेखापरीक्षकाला पाठवावा.

दुसरी पडताळणी शुल्काची. महाविद्यालय विद्यार्थ्यांकडून विद्यापीठाच्या वाट्याचे शुल्कही गोळा करते आणि पुढे भरते. विद्यापीठाकडे कायम नोंदणी क्रमांकांची यादी असते, परीक्षा विभागाकडे अर्जांची संख्या असते, वित्त विभागाकडे जमा रक्कम असते. तिन्ही आकडे एकाच इमारतीत असूनही एकमेकांना भेटत नाहीत. समजा १,२०० विद्यार्थी आणि दरडोई २५० रुपये, म्हणजे ३,००,००० रुपये यायला हवेत. आले २,५५,०००, तर १८० विद्यार्थ्यांचा हिशेब द्यावा लागेल: प्रवेश रद्द झाले, माफी होती, की पैसे घेतले आणि भरलेच नाहीत. ‘शुल्क बरोबर जमा झाले’ या शेऱ्यामागे हा गुणाकार असतोच असे नाही.

शिष्यवृत्तीच्या नोंदी तर नियम बदलूनही जुन्याच पद्धतीने चालू आहेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० आहे. २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातले शुल्क त्याने सात दिवसांत महाविद्यालयात भरायचे असते. तरीही कितीतरी ताळेबंदांत संपूर्ण रक्कम ‘शासनाकडून येणे’ म्हणूनच उभी असते. त्यातले काही पैसे शासनाने कधीच दिलेले असतात, काही विद्यार्थ्याकडून यायचे असतात, काही अर्ज नामंजूर झालेले असतात. आणि ज्या विद्यार्थ्याने प्रवेशावेळीच शुल्क भरले व नंतर त्याच्याच नावाची रक्कम महाविद्यालयाला मिळाली, त्याला परत द्यायचे पैसे देण्याच्या बाजूला दिसायला हवेत. ते क्वचितच दिसतात. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज क्रमांक, मंजूर रक्कम आणि पावती क्रमांक असा विद्यार्थीनिहाय तक्ता केला की हे सगळे उघडे पडते.

वेतननिश्चितीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे उशिराची किंमत शासनच मोजते. अध्यापकांना सातवा वेतन आयोग ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने, १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. चुका ठरलेल्या जागी होतात: कॅस या अध्यापकांच्या पदोन्नती योजनेखाली वरची श्रेणी देण्याची तारीख उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन कोर्स) पूर्ण होण्याआधीची धरली जाते, वेतनवाढीची तारीख चुकते, विनावेतन रजेचा काळ सेवेतून वजा होत नाही. एका वेतनवाढीची चूक पुढच्या प्रत्येक वाढीत आणि महागाई भत्त्यात शिरते. पडताळणी मात्र निवृत्तिवेतनाचे प्रकरण तयार होताना, म्हणजे अगदी शेवटी. १८ डिसेंबर २०१४ रोजी रफीक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गट क व ड मधल्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून वा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि जादा रक्कम पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर चुकून जादा दिलेल्या वेतनाची वसुली करता येणार नाही. २०१९ मध्ये सुरू झालेली चूक २०२४ मध्येच ती पाच वर्षे ओलांडून गेली. २०१६ च्या जगदेव सिंग निकालाने एक वाट ठेवली आहे: वेतननिश्चितीवेळी जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र घेतले असेल तर वसुली होऊ शकते. म्हणून सेवापुस्तकात ते हमीपत्र आहे का, हे पडताळणी पथकाने आधी पाहावे, आकडेमोड त्यानंतर. कर्मचाऱ्याच्याही हिताचे हेच आहे. साठीच्या उंबरठ्यावर वसुलीचे पत्र हाती पडण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी चूक कळलेली बरी.

विद्यापीठांच्या ताळेबंदातले ‘अग्रिम’ (आगाऊ दिलेल्या रकमा) हे शीर्षही असेच. परीक्षा केंद्रांना दिलेल्या रकमांची प्रमाणके (व्हाउचर) वेळेत येत नाहीत, पुढचे सत्र उभे राहते आणि जुन्याचे समायोजन न होताच नवा अग्रिम जातो. विद्यापीठाच्या अधिसभेपुढे (सिनेट) एकच बेरीज येते. तीन महिने, एक वर्ष, तीन वर्षे अशी वयवार यादी जोडली तर सदस्यांना प्रश्न तरी विचारता येतील.

आयटीआय आपल्या खात्यात नाहीत, म्हणूनच प्रत तिकडे दिली आहे. २००७-०८ पासूनच्या सार्वजनिक-खासगी भागीदारी योजनेत निवडलेल्या प्रत्येक शासकीय आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीला केंद्राने २.५ कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. पहिली दहा वर्षे सूट आणि पुढे वीस वर्षे समान हप्ते, म्हणजे वर्षाला १२.५ लाख. समिती ही स्वतंत्र नोंदणीकृत सोसायटी, तिचा लेखापरीक्षक वेगळा. आयटीआयचा खर्च कोषागारातून होतो, त्याची तपासणी वेगळी. समितीने घेतलेले लेथ मशीन शासकीय कार्यशाळेत उभे असते. ते कुणाच्या जडवस्तू नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टर)? कधी दोन्हीकडे, कधी कुठेच नाही. निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढण्याच्या, वेळी भांडण होते ते यामुळे.

आमची मागणी नव्या लेखापरीक्षणाची नाही. एका शासन निर्णयाने चार तक्ते सक्तीचे करावेत: पॅननिहाय बँक खाती, नोंदणीनुसार शुल्काचा गुणाकार, विद्यार्थीनिहाय शिष्यवृत्ती आणि अग्रिमांची वयवार यादी. न्यासाच्या लेखापरीक्षणाची सहा महिन्यांची मुदत ३० सप्टेंबरला संपते. तीच तारीख यांना लावावी. तक्त्यांवर प्राचार्य, न्यासाचा लेखापरीक्षक आणि सहसंचालक कार्यालयातील लेखाधिकारी या तिघांच्या सह्या हव्यात. उपयोगिता प्रमाणपत्रातली आरंभीची शिल्लक मागच्या वर्षीच्या अखेरच्या शिलकेशी जुळत नसेल, किंवा अखर्चित रकमेवरचे व्याज त्यात दाखवलेले नसेल, तर प्रकल्पनिधीचा पुढचा हप्ता थांबवावा. वेतनाचे अनुदान मात्र यात अडकवू नये. तसे केले की पहिल्या महिन्यात शिक्षक रस्त्यावर येतात आणि दुसऱ्या महिन्यात निर्णय मागे घेतला जातो.

आपले,
विद्यापीठे व महाविद्यालयांच्या हिशेबांचे काम करणारे काही लेखाधिकारी व सनदी लेखापाल