वर की खाली?

नाशिक, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

फोनवर तू बाबांचं विचारलंस आणि मी "बरे आहेत" म्हणून वेळ मारून नेली, कारण ते शेजारीच बसले होते. आता सगळे झोपलेत, तर सविस्तर लिहितो.

सुरुवात चपलेपासून झाली. दिवाळीनंतर एकदा देवळातून परत येताना मागून एक पोरगा ओरडला, "आजोबा, चप्पल!" डाव्या पायातली चप्पल पार चौकात राहिली होती आणि बाबा एक पाय अनवाणी घेऊन खुशाल चालत होते. आम्ही हसलो. मग एका सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि कलले ते थेट टॉवेलच्या दांडीवर. आई म्हणाली, वय झालं, चक्कर येते. बाबा म्हणाले, "चक्कर नाही गं, पाय कुठेतरी जातात." त्यांचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. खरं तर निदान त्यांनीच केलं होतं.

न्यूरॉलॉजिस्टनी आधी काय केलं असेल? पायाचा अंगठा दोन्ही कडांनी चिमटीत धरला. वरून-खालून धरला तर दाबावरूनच कळतं म्हणे. बाबांना डोळे मिटायला सांगून अंगठा हलवला आणि विचारलं, "वर की खाली?" बाबा म्हणाले, "हलवलात कुठे अजून?" अंगठा तेव्हा छताकडे बघत होता, बंड्या. माझ्या पोटात खड्डा पडला. मग पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर खांबासारखे उभे, मिटल्याबरोबर डोलायला लागले. याला रोम्बर्गची चाचणी म्हणतात. दीडशेहून जास्त वर्षं जुनी, आणि लागतात फक्त दोन पापण्या.

कारण निघालं बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता. बाबा माळकरी, दूध काय ते चहापुरतं, त्यात साखरेसाठी पंधरा वर्षं मेटफॉर्मिन चालू. तीही गोळी बी १२ कमी करते. हातपाय कुठे आहेत ही खबर मेंदूला पोचवणाऱ्या तंतूंचा मोठा जुडगा मणक्यातून, मज्जारज्जूच्या मागच्या अंगाने वर जातो. बी १२ फार कमी पडलं की त्या तंतूंवरचं वेष्टण झिजतं. पायाची खबर सगळ्यात लांबून येते, म्हणून तीच बहुधा आधी अडते.

आठवतं, आठवीत तुमच्याकडे जेवताना लाइट गेली होती? मिट्ट काळोखात आपण दोघांनी पिठलं-भाकरी संपवली, एक घास नाकाला लागला नाही. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. स्नायूंच्या आत बारीक चात्यांसारखे अवयव असतात. स्नायू किती ताणलाय, किती वेगाने ताणतोय, हे ते सतत कळवत राहतात. शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या संवेदनेला नाव दिलं, प्रोप्रिओसेप्शन. मराठीत काय म्हणावं? मी आपला 'अंगभान' म्हणतो. तो ताण ओळखणारं पिएझो २ हे प्रथिन सापडायला मात्र २०१० उजाडलं. ते शोधणारे शास्त्रज्ञ अर्देम पातापूतियान यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात त्याचाही वाटा होता.

बाबांसाठी आणलेल्या मसाजरवर मी एक उद्योग केला. डोळे मिटून नाकाचा शेंडा धरायचा आणि मसाजर कोपराच्या पुढच्या बाजूला, दंडाच्या स्नायूच्या दोरीसारख्या टोकावर टेकवायचा. त्या थरथरीने चात्या फसतात, हात लांब होतोय असं कळवतात. पण बोटं तर नाकावरच! मग मेंदू नाकच लांब करून टाकतो. माझं वीतभर झालं. बायकोचं तसूभरही नाही. ती म्हणाली, तुझं आधीच होतं.

इयन वॉटरमन या माणसाबद्दल वाचल्यापासून मात्र झोप उडालीय. जर्सी बेटावरचा खाटीक, वय १९. १९७१ मध्ये साध्या तापासारखं दुखणं आलं आणि मानेखालचं अंगभान पूर्ण गेलं, स्पर्शही गेला. स्नायूंत ताकद शाबूत. दुखणं, गरम-गार कळतंय. पण हात कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. तो पुन्हा चालायला शिकला तो निव्वळ डोळ्यांनी, एकेक हालचाल आधी ठरवून. खोलीतला दिवा गेला की कोसळायचा.

बाबांचं एवढं नाही. इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात महिने लागतील, आणि सगळं परत येईलच असं नाही. सध्या ते पायांकडे बघत चालतात, त्यामुळे ओळखीचे लोक समोरून जातात आणि रुसतात. बाथरूमच्या वाटेवर मी रात्रभर बल्ब ठेवतो. जन्मभर "बिल काय तुझा सासरा भरणार?" म्हणून आमच्यामागे दिवे मालवत फिरलेला माणूस! परवा आईने सवयीने तो बंद केला, तर आतून हाक आली, "अगं, राहू दे. माझे पाय आहेत तिथे."

मे महिन्यात ये. ते तुझी वाट बघतायत. वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. तू वर्षानुवर्षं रोज पित्ताची गोळी घेतोस आणि अंडंही खात नाहीस. त्या गोळ्यांनीही बी १२ उतरतं. येण्याआधी तपासून घे, आणि आकडा मला कळव.