अच्युत पोतदारांची एवढीच ओळख?

संपादक साहेब, नमस्कार,
१८ ऑगस्ट २०२५ ला ज्येष्ठ अभिनेते अच्युत पोतदार ठाण्यात गेले, वयाच्या ९१ व्या वर्षी, आणि आमच्या बेळगावातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर दिवसभर काय तर ‘थ्री इडियट्स’मधल्या प्रोफेसरची तीच क्लिप फिरत होती. क्लिप भारीच आहे, मी पण फॉरवर्ड केली. पण अहो माणूस तेवढाच नव्हता की! जबलपूरचा मराठी माणूस, आधी लष्करात, १९६७ ला कॅप्टन म्हणून बाहेर पडला, मग इंडियन ऑइलमध्ये जवळजवळ पंचवीस वर्षं नोकरी, आणि ती सांभाळतच नाटक, सिनेमा, दूरदर्शनच्या मालिका. ‘वागळे की दुनिया’त होते, ‘भारत एक खोज’मध्ये पण. आमच्याकडच्या बायकांना विचाराल तर त्या ‘माझा होशील ना’मधले आप्पा सांगतील, आणि मला वाटतं त्यांचं खरं काम तिथंच दिसलं, ऐंशी पार केल्यावर रोजचं शूटिंग म्हणजे चेष्टा आहे का.

असे नट सिनच्या कोपऱ्यात बसलेले असतात, दोन वाक्यं बोलतात नि सीन उचलतात, पण गेल्यावर पेपरात आतल्या पानावर चार ओळी. इथं सीमाभागात मराठी घरात टिकवायला या मालिकांचा पण थोडा हातभार आहेच (सासू-सुनेची भांडणं सोडून बोलतोय). तेव्हा तुमच्या रविवार पुरवणीत अशा चरित्र अभिनेत्यांवर एक सदर सुरू करा, आणि जमलं तर ते हयात असतानाच छापा.

एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव