भुऱ्याच्या पुस्तकाविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

या पत्रासोबतच्या जाड लिफाफ्यात माझ्या चित्रपुस्तकाचा कच्चा नमुना आहे. पुस्तक छापायला जाण्यापूर्वी तो तुम्ही दोघांनी पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण गोष्ट कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळीची आहे आणि कोसा जाणणारे तुमच्याइतके दुसरे कोणी माझ्या ओळखीत नाही. चित्रे काढणारी माझी मैत्रीण पुण्याची आहे. हात तिचा फार चांगला आहे, पण ही अळी ज्याचा पाला खाते ते येनाचे झाड तिने फक्त छायाचित्रांत पाहिले आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडच्या एका गावात मैना नावाची सात वर्षांची मुलगी राहते. शेजारच्या मुलाकडे पोपट आहे, मामाकडे शेळीचे पिल्लू आहे आणि मैनेलाही काहीतरी पाळायचे आहे. तिचे बाबा धान कापणीच्या आधी, थंडीच्या पिकासाठी, रानातल्या येनावर कोशाच्या अळ्या सोडतात, तेव्हा त्यांतली एक मैना स्वतःसाठी निवडते. नुकती फुटलेली अळी भुरकट आणि काळसर डोक्याची असते, म्हणून ती तिचे नाव भुऱ्या ठेवते. पहिली कात टाकल्यावर अळी हिरवी होते, तरी मैना नाव बदलत नाही. चार वेळा कात टाकून भुऱ्या तिच्या बोटाहून लांब आणि जाड होतो, अंगावर चांदीसारखे चमकणारे ठिपके येतात, आणि पौषाच्या सुमारास तो फांदीला घट्ट देठ बांधून कोसा विणतो.

पाळीव प्राण्यांच्या बहुतेक गोष्टींत मूल त्या प्राण्याला कुशीत घेते, आणि प्राणी मुलाला ओळखतो, त्याच्या मागे धावतो, संकटात त्याला वाचवतो. भुऱ्या यांतले काहीच करू शकत नाही. तो मैनेला ओळखत नाही आणि पुढेही कधी ओळखणार नाही. शिवाय त्याला हात लावायचा नाही, हे मैनेचे बाबा पहिल्याच दिवशी बजावतात. बाबा, हा नियम तुमचाच आहे. एका झाडाचा पाला संपला की तुम्ही अळी बोटांनी उचलत नव्हता, ती बसलेली डहाळीच छाटून दुसऱ्या येनाला बांधत होता, कारण हाताळलेली अळी दुखावते आणि रोग एकीकडून दुसरीकडे जातो. तेव्हा मैनेच्या मायेचे काम एकच उरते, राखण. कावळा, मुंगी, गांधीलमाशी आणि अळीच्या अंगावर अंडी घालणारी माशी यांच्यापासून भुऱ्याला जपायचे. मैना डबा वाजवत येनाखाली बसते, ते चित्र मला या पुस्तकात सर्वांत जास्त आवडते.

आता ज्या पानांवर माझा आणि प्रकाशनाच्या संपादकांचा मतभेद झाला आहे, त्यांकडे येते. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचे असते, कारण छपाईचा मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून दुमडला की त्याची 16 पाने होतात आणि असे दोन कागद पुरतात. शीर्षकाची आणि माहितीची पाने वगळली, की गोष्टीसाठी बारा-तेरा जोडपानेच, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांच्या जोड्याच, हाती राहतात. त्यांतली पाच मी भुऱ्याच्या कोशात असण्याला दिली आहेत. थंडीच्या पिकातला कोसा लगेच फुटत नाही, आतला जीव मृगाचा पाऊस येईपर्यंत झोपून राहतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण शहरातल्या वाचकाला ते ठाऊक नसते. त्याला अळी, कोश आणि पाखरू यांच्यामध्ये दोन आठवडे जातात एवढेच शाळेत शिकवलेले असते. संपादकांचे म्हणणे असे, की पाच जोडपाने काहीच घडत नाही, मूल कंटाळून पुस्तक बाजूला ठेवेल, म्हणून हा काळ एका पानात उरकावा आणि शिल्लक राहिलेल्या पानांवर पाखराच्या गमतीजमती घालाव्यात.

मला हे पटलेले नाही. त्या पाच पानांवर कोसा तेवढा हलत नाही, बाकी सगळे जग हलते. पहिल्या जोडपानावर मैनेची आई अंगणात धान उफणते आहे आणि मागे भिंतीवर कोशांची माळ टांगलेली आहे. दुसऱ्यावर होळी आहे. तिसऱ्यावर पहाटेच्या अंधारात सगळे घर मोहफुले वेचायला निघाले आहे आणि मैना दारातून एकदा मागे वळून माळेकडे बघते आहे. चौथ्यावर तेंदूपत्त्याची पुडकी बांधणे चालू आहे, आणि पाचव्यावर ऊन इतके आहे की माणसे चित्रातून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. फक्त कुडाच्या भिंतीला ओले पोते लटकते आहे आणि मैना त्यावर लोट्याने पाणी शिंपडते आहे. आई, ते पोते तू ओले ठेवत होतीस. आतला जीव जिवंत आहे की मेला, हे बाहेरून कळत नसतानाही चार महिने तू पोते वाळू दिले नाहीस, आणि त्याबद्दल घरात कोणी तुला शाबासकी दिल्याचेही मला आठवत नाही. प्राणी पाळणे म्हणजे काय, हे मला त्या पोत्यापाशी समजले. ते पानातून गाळले तर उरलेल्या पुस्तकात मला सांगण्यासारखे फारसे राहत नाही. म्हणून मी संपादकांना कळवले आहे, की पाने कमीच करायची असतील तर सुरुवातीची करावीत.

फोनवर आईने विचारले होते, की कोसे उकळण्याचे पान लहान लेकरांना कशाला दाखवायचे. या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. मैनेच्या घरातले बहुतेक कोसे विकले जातात. ते उन्हात वाळवून किंवा वाफ देऊन आतला जीव मारला जातो आणि मग सोड्याच्या पाण्यात उकळून धागा काढला जातो. पाखरू बाहेर पडले की कोशाला भोक राहते, त्यातून सलग धागा निघत नाही आणि भावही पडतो. आपल्या ढिवर घरांत मासोळी आणि कोसा या दोहोंवर चूल चालली आहे, हे लपवून मी मैनेचे बाबा केवळ अळीप्रेमी दाखवले, तर ते गावातल्या कोणालाही ओळखीचे वाटणार नाहीत. त्या पानावर रक्तपात नाही, आई. बाजाराची टोपली एकीकडे आहे, बियाण्याच्या कोशांची माळ दुसरीकडे आहे, आणि मैना बाबांना विचारते आहे की भुऱ्या कोणत्या बाजूला. बाबा तिचा कोसा माळेत ओवतात. टोपलीत काय होणार, ते मजकुरात एका साध्या वाक्यात सांगितले आहे. सहा-सात वर्षांची मुले असे वाक्य ऐकू शकतात, असा माझा विश्वास आहे. आपल्या गावातली सगळीच मुले ते ऐकत मोठी झाली.

शेवटाविषयी बाबांचे मत मला विशेष हवे आहे. पहिल्या पावसानंतर, दिवस मावळल्यावर, भुऱ्या कोसा ओला करून बाहेर येतो, आणि तो मादी असल्याचे तेव्हा कळते. मोठे पिवळसर पंख, चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक डोळा. पाखराला काही खाता येत नाही. अळी असताना जे खाल्ले त्यावरच त्याचे आठ-दहा दिवस जातात. नर येतो, जोडी होते, आणि भुऱ्या पानांच्या दोन्यात अंडी घालते. संपादकांना वाटते, की तिने उडून जावे आणि पुढच्या वर्षी मैनेच्या खिडकीत परत यावे. तसे होत नाही, आणि होते असे मी लिहिणार नाही. माझ्या पुस्तकात भुऱ्या मरते. मैनेचे बाबा तिला आणि तिच्या अंड्यांना तपासणीसाठी केंद्रावर नेतात. मादी पाखराच्या अंगात पेब्रीन हा रोग असला तर तो अंड्यांतून पिल्लांत उतरतो आणि साऱ्या पिकाचा नाश होतो, म्हणून मेलेले पाखरू कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हीच पद्धत लुई पाश्चर यांनी 1865 नंतरच्या वर्षांत फ्रान्सच्या दक्षिण भागात तुतीच्या रेशीमकिड्यांसाठी बसवली होती. मैना ती काच स्वतः डोळा लावून पाहते. हे पान मुलांना जड जाईल की नाही, याचा निर्णय मी तुमच्यावर सोडते, कारण अंडीपुंज तपासून आणल्याशिवाय येनावर लावू नयेत, हे तुम्ही मला मैनेएवढी असतानाच शिकवले होते. अंडी निरोगी निघतात. भोक पडलेला कोसा मैनेची आई हाताने कातते, आणि त्या जाड धाग्यातला एक तुकडा मैनेच्या वेणीला येतो.

नमुना पाहताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. येनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली हवी. चित्रात ती मला गुळगुळीत वाटते. पानाच्या मागच्या बाजूला देठाजवळच्या दोन गाठी मैत्रिणीने काढल्या आहेत, त्या योग्य जागी आहेत का ते पाहावे. कात टाकण्याआधी अळी डोके वर करून निश्चल बसते, त्या चित्रात तिची मान जास्त उंचावली आहे असे मला वाटते, पण बाबांच्या डोळ्यावर माझा अधिक भरवसा आहे. आईने कोशाच्या देठाचा रंग आणि माळ ओवण्याची पद्धत तपासावी. चुका पेन्सिलीने त्या त्या पानावरच लिहाव्यात, संकोच करू नये.

शिवाय एक विनंती आहे. बाजूच्या घरातल्या मुलांना बोलावून आईने त्यांना हे पुस्तक एकदा वाचून दाखवावे, आणि ती पाच पाने चालू असताना मुले उठून जातात की बसून राहतात, ते मला कळवावे. ती उठून गेली, तर मी पाने कमी करण्याचा पुन्हा विचार करीन. बसून राहिली, तर तेच मी संपादकांना सांगणार आहे. नमुना महाशिवरात्रीपर्यंत दादाच्या हाती नागपूरला पाठवावा, तिथून तो माझ्यापर्यंत येईल.

बाबांनी गुडघ्याचे औषध मध्येच थांबवू नये आणि या वर्षी रानातल्या राखणीला एकट्याने जाऊ नये. आईने डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नये.

तुमची,
वैशाली