अण्णा, तुमचं नाव मी दिलंय

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,

साष्टांग नमस्कार.

फोनवर अण्णा निम्म्यात फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते आहे. आई, तू आधी वाच आणि मग त्यांना वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता, कुस्त्यांच्या फडाआधी, शाळेच्या पटांगणात यंदाच्या वणव्यानंतर काढलेल्या वणवा निधीचा कार्यक्रम ठरला आहे. पाच जणांचा सत्कार होईल. अण्णा, त्यात तुमचं नाव आहे आणि ते मी दिलंय. डोंगरावर चढणाऱ्या पथकाच्या यादीतून तुमचं नाव काढायलाही मीच सांगितलंय. दोन्ही गोष्टी तुम्हाला न विचारता केल्या, कारण विचारलं असतं तर पहिलीला तुम्ही 'कशाला' म्हणाला असता आणि दुसरीला काहीच बोलला नसता.

मागच्या दिवाळीत दादा जे बोलला ते मनात ठेवून वाचू नका. तुमच्यानं होत नाही असं कुणाचंच म्हणणं नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो समोर धरून काय सांगितलं ते आईनंही ऐकलंय. गवताच्या धुरातले बारीक कण उपरण्यातून आरपार जातात. ओला रुमाल बांधला की गार वाटतं, पण तो कण अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण तो घट्ट बसायला दाढी काढावी लागते आणि तो लावून चढ चढताना चांगल्या छातीच्या पोराचाही दम निघतो. वर आपला डोंगर उभा. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, हे तुम्हाला आकड्यात कुणी सांगितलं नसलं तरी पायांना माहीत आहे. आग चढाला धावते, तिच्यापुढे माणसानं पळायचं तरी किती? लहानपणी तुम्ही रान विझवून आलात की सदऱ्याला यायचा तो जळक्या गवताचा वास मला आवडायचा. आता त्याच वासानं तुमची रात्र खोकण्यात जाते, अण्णा.

तुमच्यासाठी काम ठेवलंय, आणि ते बसून करायचं असलं तरी दुय्यम नाही. वणवा लागला की कोण वर गेलं आणि कोण खाली आलं याची नोंद आजवर कुणीच ठेवली नाही. आता पारावर वही राहील. नाव, निघाल्याची वेळ आणि कुठल्या वाटेनं, हे लिहिल्याशिवाय एकही माणूस चढणार नाही, आणि उतरला की तुम्ही त्याच्या नावापुढे खूण करायची. तुम्ही 'थांब' म्हटल्यावर पोरं थांबतात, दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. वन विभागाचा १९२६ हा नंबर आणि वनरक्षकाचा मोबाईल वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे उपग्रहाचे इशारे मोबाईलवर येतात, तुमच्या नंबरची नोंदणी दादा करून देईल. पण उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो, आणि ज्या चित्रातून तो आग टिपतो त्यातला एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो. तेव्हा धनगरवाड्यावरच्या मामांचा फोन अजूनही त्याच्या आधी येणार. त्यांना रेंज कुठल्या दगडावर मिळते ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं वहीत लिहा.

आता सत्काराचं. पाच जणांत आग विझवणारे दोनच आहेत, तुम्ही आणि वनरक्षक. मामा आहेत, वरच्या आळीची काकी आहे आणि तात्यांची नात आहे. 'काकीनं काय विझवलं?' असं कुणी म्हणेल. विझवणं लवकर संपतं, उभं करायला वर्षं जातात. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव ८ नोव्हेंबर २०१८ ला जळालं, ८५ माणसं गेली, १८ हजारांवर बांधकामं खाक झाली. आग अडीच आठवड्यांत आटोक्यात आली, घरं मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं बांधली जात राहिली. आपल्याकडे घरं वाचली, देवाची कृपा, पण गंज्या गेल्या, गोठे गेले, कलमं होरपळली. तात्यांच्या नातीनं तलाठी आणि कृषी सहायकांना सोबत घेऊन बांधाबांधावर पंचनामे करून घेतले, राख हलवण्याआधी प्रत्येक गंजीचा फोटो काढला, सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स जोडल्या. सात-आठ जणांचं काम फक्त नावातल्या फरकामुळे अडलं होतं, आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं. ते तिनं मार्गी लावलं. काकीच्या बचत गटानं पिशव्या भरून रोपवाटिका धरली. हेही पुढारपणच आहे, आणि ते लोकांसमोर तसं म्हटलं गेलं पाहिजे.

शाल आणि नारळ असेल, फेटा असेल. ट्रॉफ्या नाहीत, मी स्पष्ट नाही सांगितलंय. त्या पैशात ब्लोअरचा खर्च थोडा हलका होतो. निधीतून दोन ब्लोअर घ्यायचे ठरलेत, पाला आणि गवत उडवून मातीपर्यंत पट्टा मोकळा करणारे. मशीन पोरांच्या हातात पडेल तेव्हा एवढं तुम्ही बजावा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळल्याशिवाय टाकी भरायची नाही. ५० ला १ म्हणजे १ लिटरला २० मिली, पण मशीनच्या पुस्तकात वेगळं प्रमाण असेल तर तेच धरायचं. ऑइल विसरलं तर पिस्टन जागीच धरतो आणि दुरुस्ती नव्या मशीनच्या भावात जाते. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये चिकटा बसतो आणि पुढच्या माघात ऐन वेळी दोरी ओढून हात दुखतात. तापलेल्या मशीनमध्ये गवतात उभं राहून पेट्रोल ओतायचं नाही. आणि वारा नेहमी जळालेल्या बाजूकडे मारायचा, आगीच्या पोटात नाही, नाहीतर ठिणगी उडून मागं रान पेटतं.

तरी मशीन आलं म्हणून जाळरेषेत, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यात, ढिलाई नको. गवत वाळलं की पौषातच कापायचं, जाळायचं ते पहाटे दव असताना, वारा पडलेला असताना, दोन्ही टोकांना माणसं आणि पाणी ठेवून, आणि १५ फेब्रुवारीच्या आत. पट्टा गवताच्या उंचीच्या निदान तिप्पट रुंद, चढाच्या बाजूला त्याहून जास्त. आपल्या वरच्या अंगाला यंदा तो केलाच नव्हता, आणि वणवा तिथूनच खाली उतरला.

एक गोष्ट कमिटीला तुम्हीच सांगा, माझं ऐकणार नाहीत. वणवा कोणी लावला याचं नाव माईकवर घ्यायचं नाही. ते वन विभाग बघेल, १९२७ चा वन कायदा आहे त्याला. स्टेजवर नाव निघालं की निधी बाजूला राहील आणि भावकीचं भांडण सुरू होईल. बोलायचं ते गवताबद्दल. जाळलं की कोवळं गवत चांगलं फुटतं, हा समज अजून घराघरात आहे. फुटतं, पण दरवर्षी जाळलं की मारवेल, पवन्यासारखं चांगलं गवत मागं पडतं, कुसळी वाढते, आणि पहिल्या वळवाला उघडी माती ओढ्यात जाते. हे तुमच्या तोंडून गेलं तर पटेल.

पैशाचं. आई, मुंबईकर मंडळातलं कुणी घरी पाकीट घेऊन आलं तर घेऊ नकोस, चहा दे आणि पटांगणातल्या टेबलावर पाठव. पैसे फक्त नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात, क्यूआरसुद्धा ट्रस्टचाच, कुणाच्या खासगी नंबरवर नाही. ट्रस्टची नोंदणी नसती तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी काढावी लागली असती, जशी गणेश मंडळं काढतात. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर प्राप्तिकरातली देणगीची सवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती मिळत नाही, आणि जुन्या करपद्धतीत असणाऱ्यालाच ती लागू होते. त्यामुळे मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन, पावतीवर पॅन नंबर. दुबईतली आपली पोरं भारतीय पासपोर्टवर आहेत, त्यांचे पैसे चालतात. आत्याचा थोरला अमेरिकेचा नागरिक झालाय, त्याचे चालत नाहीत, परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही. आत्याला वाईट वाटेल. तिला नीट समजाव, की नाकारलं नाही, कायद्यानं घेता येत नाही. खात्यावर सह्या तिघांच्या, त्यात आपल्या घरचं कुणी नाही. ज्याचा सत्कार होतो त्यानं हिशेब धरू नये, अण्णा, एवढंच कारण.

निधीतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, झाडं लावायचा आग्रह कुणीतरी धरेलच. मोडून काढा. सडा मुळात गवताचा आणि फुलांचा, जांभ्यावर वीतभर माती, तिथं खड्डे मारले तर आहे तेही जाईल. पैसा ओघळींतल्या दगडी बांधांना, पावसाच्या तोंडावर गवताच्या बियाणाला आणि काकीच्या रोपांना जाऊ दे. रोपं गावाभोवतीच्या उतारावर. हिरडा, जांभूळ, करवंद.

आपली कलमं तोडायची घाई नको. सालीला चाकूनं खरवडून बघा, आत हिरवट, ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. पानं गेली म्हणून ऊन थेट खोडावर पडतं आणि साल तडकते, म्हणून बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये विरघळवून गाळून घ्या, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत ओतत ढवळा. लोखंडी किंवा पत्र्याची बादली नको. विळ्याचं पातं मिनिटभर त्यात बुडवा, तांबूस थर चढला तर चुना अजून लागतो. त्याच दिवशी संपवायचं. हे काम गड्याकडून करून घ्या, तुम्ही सावलीत बसून सांगा. मेलेल्या फांद्या कोणत्या हे पावसाळ्यानंतरच कळेल.

आणि आता तुमचं. कार्यक्रमाला हाताची खुर्ची सांगितली आहे, पाठीला उशी आई घरून आणेल. मंडपात तुमची जागा पश्चिमेच्या कडेला, म्हणजे धूळ अंगावर येणार नाही. सत्काराला गुलाल नाही, फुलं. यात्रेचं दारूकाम यंदा बंद ठेवायला कमिटी तयार झाली आहे, डोंगर अजून निम्मा वाळलेलाच आहे. पाण्याचा टँकर रात्रभर पटांगणात उभा राहील. आई, गुडघे धरून तू पाचपन्नास माणसांच्या भाकऱ्या थापायला बसायचं नाहीस. आचारी ठरलाय. तू फक्त ठेचा कर, तो त्याला जमत नाही.

श्वासाचा पंप रोज घेताय ना? हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर तोंडात धरून एकदा दाबायचं, सावकाश आत ओढायचं, १० आकडे मोजेपर्यंत रोखायचं. दुसऱ्या वेळेला मिनिटभर थांबायचं. नंतर चूळ भरायची, ती तुम्ही विसरता. यात्रेच्या दिवशी तो देव्हाऱ्याशेजारी नको, खिशात पाहिजे.

कोट आईनं इस्त्रीला दिलाच असेल. भाषण नको वाटलं तर करू नका, वही कशी भरायची तेवढं माईकवर सांगा. दादा छबिन्याच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येतोय, मी त्याच्याबरोबरच आहे. त्याच्याशी नीट बोला.

तुमची,
लेक