'नाईव्ह' म्हणजे दर वेळी 'भोळा' नव्हे

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

औषधचाचणीच्या संमतिपत्रकाच्या तुझ्या मराठी अनुवादाचा मसुदा वाचला. 'उपचारांबाबत भोळ्या रुग्णांनाच घेतलं जाईल' हे वाक्य आधी काढ, वाचणारा पेशंट उठून जाईल! मूळ शब्द 'ट्रीटमेंट-नाईव्ह' आहे. त्याचा स्वभावाशी संबंध नाही. 'या आजारावर आजवर औषध न घेतलेले रुग्ण' एवढं पुरे. 'नाईव्ह टी पेशी'ही तशीच, अजून प्रतिजनाशी (ज्याला ओळखून ती प्रतिकार करते त्या घटकाशी) गाठ न पडलेली रोगप्रतिकारक पेशी.

शब्द मुळात दूषण नव्हताच. लॅटिन 'नाटिवुस' म्हणजे उपजत. त्यावरून फ्रेंच 'नाईफ', त्याचं स्त्रीलिंगी 'नाईव्ह' सतराव्या शतकात इंग्रजीत आलं. लोकलमध्ये 'नेटिव्ह प्लेस कुठलं?' विचारतात ना, तो 'नेटिव्ह' याचाच भाऊ. आपला 'जन्म'ही लांबच्या नात्यातला. उच्चार नाय-ईव्ह, जोर 'ईव्ह'वर. इंग्रजी स्पेलिंगमधली (naïve) आयवरची दोन टिंबं स्वर वेगळे ठेवायला असतात. गाळली तरी चालतं.

खरी पंचाईत तू अनुवाद केलेल्या पुढच्या लेखात आहे. इंग्रजीत कौतुक आणि टोमणा एकाच शब्दात मावतात, मराठीत ते वेगळे होतात. मुलाचं हसू निरागस. आशावाद आला की भाबडा. तिथे दुसरा शब्द शोधूच नकोस. 'असं मानणं नाईव्ह ठरेल' याला 'भाबडेपणाचं ठरेल' चपखल बसतं, अग्रलेखांत रोज दिसतं. कामावर नवीन लागलेला माणूस मात्र नवखा. त्याला भाबडा म्हटलंस तर अनुभवाऐवजी अक्कल काढल्यासारखं होतं. कोणीही टोपी घालावी असा असेल तर भोळसट, पण त्याला इंग्रजीत 'गलिबल' हा वेगळा शब्द आहे, तो आधी तपास. आणि नकार आला की सगळे पर्याय बाजूला ठेव. 'आय अ‍ॅम नॉट दॅट नाईव्ह' म्हणजे 'मी काही दुधखुळा नाही'. तू लिहिलंस 'मी तितका निरागस नाही'; त्यातून तो गुन्हा कबूल करतोय असं वाटतं.

चित्रकलेच्या परिच्छेदात 'नाईव्ह आर्ट' तसंच ठेव आणि पहिल्यांदा येईल तिथे 'कलाशिक्षण न घेतलेल्यांची चित्रशैली' असं जोड. त्यातला फ्रेंच चित्रकार आंरी रूसो (१८४४–१९१०) पॅरिसच्या जकात वसुलीत नोकरीला होता. तू त्याला 'कस्टम्स अधिकारी' केलंयस. जकात नाका म्हण, मुंबईकराला लगेच कळेल.

दुरुस्त प्रत पाठव.

तुझा,
अविनाश