चैत्र अमावस्येला घरी येतेय

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, मी पाठवलेल्या रात्रीच्या आकाशाच्या फोटोत तुला बांगड्यांसारख्या वाटल्या त्या रेघा म्हणजे तारेच आहेत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून ध्रुवाकडे रोखला आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो तासभर लागोपाठ काढले. नंतर ते सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक चढवले. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेवढ्याच अंशांची कमान प्रत्येक ताऱ्याची उमटते. फोटो मोठा करून बघ, ध्रुवाचीही बारीकशी कमान दिसेल. तोही अगदी जागच्या जागी नसतो.

तारे ठिपक्यांसारखेच हवे असतील तर मात्र घाई असते. माझ्या १८ मिमीच्या लेन्सला पंधरा सेकंदांपर्यंत चालतं, त्यापुढे ते लांबट व्हायला लागतात. फोकस हातानेच करायचा. एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून, तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग अगदी सावकाश फिरवायची. यातच सगळा जीव लागतो आणि मला तेच फार आवडतं. ऑफिसचं काहीही डोक्यात राहत नाही.

बाबा, सोबत मृग नक्षत्राचा फोटो पाठवलाय. काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर दिसतोय ना? अंधारात आपल्या डोळ्यांना रंग फारसे कळत नाहीत. कॅमेरा पंधरा सेकंद प्रकाश साठवतो म्हणून ते खुलतात. पण हे दोन तारे इतके तेजस्वी आहेत की नुसत्या डोळ्यांनाही फरक जाणवतो. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला निळा रंग जास्त स्वच्छ दिसतो म्हणतात. चैत्रात मृग संध्याकाळी पश्चिमेला कललेला असतो. दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून बघा आणि मला सांगा. लहानपणी गच्चीवर तुम्ही सप्तर्षींमधलं बाजलं आणि त्यामागचे तीन चोर दाखवायचात, तेव्हापासूनची ही ओढ आहे.

आता मुख्य मुद्दा. मी चैत्र अमावस्येला येतेय. आई, अमावस्येला रात्री बाहेर पडू नये असं तू म्हणशील, ते मला माहीत आहे. पण चंद्र नसतो म्हणून तीच रात्र सगळ्यांत चांगली. शिवाय पावसाळ्यात आकाश मिळत नाही, त्यामुळे आकाशगंगेचा दाट भाग टिपायला हेच दिवस. मध्यरात्रीनंतर वृश्चिकेच्या आकड्यामागून तो वर येतो आणि तीन-साडेतीनला दक्षिणेकडे छान दिसतो. मी एकटी कुठे जाणार नाही, घरामागच्या माळावरच असेन. पुण्याहूनही आम्ही चौघंपाचजण मिळूनच जातो आणि ज्याचं रान असेल त्याला आधी विचारतो.

पुण्याच्या आसपास कुठेही गेलं तरी क्षितिजावर शहराचा उजेड असतोच. आपल्या माण तालुक्यात मात्र पाऊस कमी आणि हवा कोरडी. ज्या कोरडेपणाने तुम्हाला आयुष्यभर छळलं, त्यानेच हे आकाश स्वच्छ ठेवलंय. याचं मला नेहमी काहीतरी वाटतं.

२०२४ मध्ये नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. आपल्याकडे तेवढं लगेच होणार नाही, पण कोपऱ्यावरचा तो नवीन पांढरा दिवा थेट माळावर उजेड फेकतो. बाबा, सरपंचांशी बोलून त्याला वरून पत्र्याची झापड लावता येईल का बघा. रस्त्यावरचा उजेड त्याने कमी होणार नाही, उलट तो खालीच पडेल. खर्च मी देईन.

आणखी एक काम. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. म्हणजे दोन मुठींच्या आत उत्तरेला गोठ्याचं छप्पर किंवा लिंब आडवा येत नाही अशी जागा शोधून ठेवा. मी आले की तिथेच ट्रायपॉड लावू. आई, तूही ये, सतरंजी टाकू. तासभर कॅमेरा त्याचं काम करत असतो, तेवढा वेळ आपल्याला गप्पाच मारायच्या असतात.

सरपंच काय म्हणतात ते शनिवारी फोनवर सांगा.

तुमची,
धाकटी